नोकरी सोडून नुसत्या कादंबऱ्या लिहून भागते का?

धंतोलीकर: नोकरी सांभाळून रोज रात्री लिहून राहिलो, दोन वर्षात सात रहस्यकथा झाल्या, स्वतःच किंडलवर टाकल्या. आता पूर्णवेळ हेच करावं म्हणतो, घरचे घाबरतात. भरपूर लिहिणारे दिवस कसा लावतात?

महालवाला: भाऊ, नोकरी एवढ्यात सोडू नका. माझ्या चौदा झाल्या. उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठच लिहितो, नंतर ४५ डिग्रीत कूलरसमोरही डोकं चालत नाही, दुपारी प्रुफं अन कव्हरवाल्याशी फोन, लिहिणं अर्धंच काम आहे हो. अन रॉयल्टी नीट समजून घ्या, ७० टक्के पाहिजे तर भारतातल्या विक्रीसाठी किंडलच्या ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागते, म्हणजे ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेच टाकता येत नाही, नाहीतर ३५ च.

सदरची ताई: छापील काढाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, स्वतःच्या नावाने घ्या दादा, आपल्याकडे फुकट मिळतो. माझ्या पहिल्या पुस्तकावर प्रकाशकाचा नंबर होता, पुढची आवृत्ती स्वतः काढताना सगळं नव्याने करावं लागलं, फार मनस्ताप झाला.

धंतोलीकर: पहाटेचं उद्यापासूनच करतो. ताई, आयएसबीएनचं माहीतच नव्हतं, मनापासून आभार!