'मी डोलकर' हे लोकगीत आहे का?

दर्याकाठ : परवा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं 'मी डोलकर'वर नाचली. निवेदक म्हणाले, "पारंपरिक कोळी लोकगीत". अहो, शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची! गाणं माझंही लाडकं आहे, पण कवी, संगीतकार, गायक सगळे ठाऊक असताना लोकगीत कसं? आमच्याकडे लग्नात धवलारीण धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणते, तो तिला सासूकडून आला. लोकगीत म्हणायचं तर त्याला.

जात्याचा खुंटा : कवी ठाऊक म्हणून बाद, तर मग नाथांची भारुडंही बाद करा. वारीत, जत्रेत चारशे वर्षं सोंगं काढून म्हणतात ती. रचणारा कोण, यावर काही ठरत नाही. आजी जात्यावर बसायची तेव्हा समोरची बाई जात्यात दाण्यांची वैरण घालता घालता ओवी उचलायची, भावाचं नाव बदलायची, पुढची ओळ स्वतःची जोडायची. असं बदलत जातं ते लोकगीत.

दर्याकाठ : मग तुम्हीच माझी बाजू मांडलीत! 'मी डोलकर' कुठे बदलतं? स्पीकरवर लावलं की दरवेळी तेच.

पाटावरवंटा : १९५४ साली साओ पाउलोला आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेनं याच मुद्द्यावर व्याख्या केली होती. एकट्यानं रचलेलं गाणंही समाजाच्या तोंडी रुळून बदलत गेलं तर ते लोकसंगीत, तयार उचलून जसंच्या तसं ठेवलं तर नाही. मला ती पटते. शिवाय 'पारंपरिक' म्हटलं की शांताबाईंचं नाव पुसलं जातं, आणि धवलारणीचं तर कधी लिहिलंच जात नाही. दोघींवरही अन्यायच.

वेसाव्याची लेक : स्पीकरवर बदलत नसेल, आमच्या घरी बदलतं. आई कोलंबी सोलताना तेच गाणं म्हणते आणि मधले शब्द खुशाल फिरवते. रेकॉर्ड कधीची का असेना, ते आता आमचं आहे. कोळ्यांचं गाणं कुठलं हे कोळ्यांना ठरवू द्या की.

दर्याकाठ : ताई, हे मला माहीत नव्हतं. शाळेतल्या त्या घोषणेबद्दल माझं मत तेच आहे, कवयित्रीचं नाव घ्यायलाच हवं होतं. पण आई काय बदलतात ते इथे लिहाल का?

वेसाव्याची लेक : 'डोलकर'च्या जागी बाबांच्या होडीचं नाव घालते. बाकीचं तिला विचारून लिहिते, आत्ता ती बाजारात बसलीय.