आल्प्समधली रात्र दुपारी साडेतीनला सुरू होते: स्की-गावांतलं पिणं, पार्टी आणि बिल (अनुभव धागा)

डिसेंबर लागला की मला एकच प्रश्न येतो. इथल्या मंडळातली नवी मुलं विचारतात, पुण्याहून येणारी भाचेमंडळी विचारतात: "ताई, स्कीइंगला चाललोय, तिकडे बिअर कितीला पडते?" आकडा मी सांगते, पण त्या आकड्याने त्यांचं काहीच भलं होत नाही हे मला आता पक्कं कळलंय. म्हणून हा धागा. ज्यांनी आल्प्समध्ये अशी एखादी तरी संध्याकाळ काढलीय, त्यांनी आपला खर्च, आपली चूक, आपली युक्ती इथे लिहावी. सुरुवात मी करते.

मी म्युनिकला राहते. गेले सहा हिवाळे आमचा गट ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनला जातो. आर्लबर्गचं हे खोरं स्कीइंगचं माहेरघर. इथला स्की क्लब 1901 सालचा, आणि स्की शिकवण्याची जी पद्धत इथून जगभर गेली ती बसवणारा हानेस श्नायडर शेजारच्या श्टुबेन गावचा. पण तरुण मुलं येतात ती बरेचदा दुसऱ्याच कारणाने. गावाच्या वर, उतारावरच, मूझरविर्ट आणि क्रेझी कांगुरू ही दोन ठिकाणं आहेत. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तिथे संगीत सुरू होतं आणि माणसं स्की बूट घालूनच बाकांवर चढून नाचतात. याला म्हणतात आप्रे-स्की. रात्री आठच्या आसपास ते आवरतं. म्हणजे आपल्याकडे जेव्हा "बसायचं का?" असं कुणी विचारतं, तेव्हा यांची बैठक उठलेली असते.

माझं पहिल्या दिवसाचं बिल मी जपून ठेवलंय. अर्ध्या लिटरच्या दोन बिअर, चौदा युरो. एक यागाटे, म्हणजे रम घातलेला कडक काळा चहा, सात युरो. चीज घातलेले श्पेत्झले, म्हणजे पिठाचे छोटे मऊ उकडलेले तुकडे, पंधरा. आणि सहा जणांसाठी फ्ल्युगर्लचा एक राउंड, तीस. फ्ल्युगर्ल म्हणजे व्होडका आणि एनर्जी ड्रिंकचा छोटा शॉट. एकूण सहासष्ट, टिप धरून सत्तर. शंभराने गुणलं तर सात हजार रुपये, आणि तेव्हा संध्याकाळचे सहाही वाजले नव्हते. स्वतःसाठी मी घेतलं ते एक्केचाळीसचं. उरलेले राउंडमध्ये गेले.

हा राउंड नीट समजून घ्या. सहा जणांत एकाने राउंड दिला की उरलेले पाच जण आपापला राउंड द्यायला बांधले जातात. पैशाने फिटंफाट होते, पण सहा शॉट पोटात जातात. मी तिसऱ्याला थांबले आणि ते जड गेलं, कारण माझा राउंड तेव्हा देऊन झाला होता आणि बाकीच्यांना वाटलं मी रुसले. आता आमच्या गटाचा नियम आहे, टीटीएमएम. ऑस्ट्रियात ते अजिबात अवघड नाही. वेटर स्वतःच विचारतो, "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" एकत्र की वेगवेगळं? गेट्रेंट म्हणा आणि मोकळे व्हा. अट एकच, हॉटेलात टेबलाशी बसलेले असाल तर. नाचाच्या गर्दीत कुणी विचारत नाही, तिथे जो काउंटरशी पोचतो तोच पैसे देतो.

आता तुमचे अनुभव येऊ देत.

झ्युरिकहून

स्वित्झर्लंडचं मी सांगतो. त्सेर्माटला आम्ही दोन जोडपी गेलो होतो. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी, गाडी खाली टेशला ठेवायची आणि बारा मिनिटांच्या ट्रेनने वर जायचं. आम्ही राहिलोही टेशलाच, कारण खोलीचं भाडं निम्म्याच्या आसपास होतं.

पहिली गोष्ट म्हणजे मापं. इथे साधी बिअर मागितली की तीन डेसिलिटरचा ग्लास येतो, त्याला श्टांगं म्हणतात. आम्हाला सात फ्रँकला मिळाला. अर्धा लिटर समजून मागितलीत तर फसाल. कडक दारूचं माप दोन किंवा चार सेंटिलिटर. दोन सेंटिलिटर म्हणजे वीस मिली. आपला छोटा पेग तीस मिलीचा, हा त्याहूनही छोटा. चौघांनी तिथल्या एका पबमध्ये दोन तास काढले आणि एकशे बेचाळीस फ्रँक झाले. जेवण त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो. बाटली सुपरमार्केटमधून आणली. इथे नव्याने येणाऱ्यांचा एक घोटाळा हमखास होतो: मिग्रो या सहकारी सुपरमार्केटमध्ये दारू मिळत नाही. संस्थापकाच्या काळापासूनचा तो नियम आहे आणि 2022 मध्ये सभासदांनी मतदान करून तो कायम ठेवला. कोपमध्ये मिळते, डेनरमध्ये मिळते. आठ फ्रँकची वाइन, खोलीतल्या चुलीवर पोहे, आणि खिडकीतून दिसणारा बर्फ. मनापासून सांगतो, ती संध्याकाळ पबच्या संध्याकाळीपेक्षा सरस होती. मात्र पबमध्ये एकदा तरी जा. चार देशांची माणसं एका गाण्याला एकत्र ओरडतात, ते खोलीत मिळत नाही.

व्हिएन्नाहून, न पिणारी

मी पीत नाही. ऑफिसची सहल इश्गलला होती, तीन दिवस. मार्च 2020 मध्ये ज्या गावाच्या आप्रे-स्कीमधून कोरोना युरोपभर पसरला, ते हे गाव. पार्टीचं वेड तिथे अजूनही तेवढंच आहे, पण गावाने काही नियम केलेत. रात्री आठनंतर रस्त्यावर स्की बूट घालून हिंडायचं नाही, हा त्यातला एक.

न पिणाऱ्याला स्वस्त पडत असेल असा सगळ्यांचा समज असतो. तसं नाही. छोटी पाण्याची बाटली साडेचार युरोला होती, आणि नळाचं पाणी मागितलं तर कपाळाला आठी. मला वाचवलं ते दोन गोष्टींनी. एक, ऑस्ट्रियाच्या कायद्यानुसार दारू विकणाऱ्याला किमान दोन बिनदारूची थंड पेयं सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग विकता येत नाहीत. त्यामुळे मेनूच्या तळाशी काहीतरी परवडणारं असतंच, शोधायचं. दुसरी गोष्ट स्कीवासर. रास्पबेरीचं सरबत आणि लिंबू, पाण्यात. उन्हातून घसरत आल्यावर उंच ग्लासात ते लालसर सरबत समोर आलं की कोकम सरबताची आठवण येते. रंगाने तर नक्कीच.

आग्रह फार होतो. "एक तरी घे" हे जर्मनमध्येही आपल्यासारखंच म्हणतात. मी माझा ग्लास हातातून खाली ठेवतच नाही. रिकामा हात दिसला की कुणीतरी भरतं.

आमच्यातले चौघं स्की करत डोंगरापलीकडच्या साम्नाउनला गेले. ते स्वित्झर्लंडमधलं करमुक्त गाव, इश्गलच्या स्की-लिफ्टनीच जोडलेलं. तिथून बाटल्या आणायची जुनी हौस आहे. एकाने सॅकमध्ये काचेच्या दोन बाटल्या भरल्या आणि परतीच्या उतारावर पाठीवर पडला. बाटली फुटली, जाड जॅकेटमुळे पाठ वाचली. सॅकमधून रम गळत होती आणि तो बर्फात बसून थरथरत होता. बाटली आणायचीच असेल तर प्लॅस्टिकची आणा, नाहीतर उतरताना केबल कारने या. आणि वर कस्टमवाले उभे असतात. कडक दारू माणशी एका लिटरपेक्षा जास्त नेऊ नका.

(व्हिएन्नाच्या ताई, स्कीवासरचं बरं केलंत लिहिलंत. मी सहा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढे चालू द्या.)

मिलानहून

स्वस्त हवं असेल तर लिविन्यो. इटलीच्या अगदी कडेला, 1816 मीटरवर, करमुक्त. पेट्रोल, अत्तर, दारू, सगळ्यालाच व्हॅट नाही. बारमध्ये स्प्रिट्झ, म्हणजे वाइन आणि सोड्याचं कॉकटेल, आम्हाला साडेपाच युरोला मिळालं. आणि इटलीची खासियत अशी की संध्याकाळी ग्लासासोबत वेफर, ऑलिव्ह, कधी पावाचे तुकडे आपोआप येतात. चकणा! फुकट! ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये चार वर्षं चकण्याविना बसल्यावर ती बशी पाहून आम्ही सहाही जण एकदम गप्प झालो. रिकाम्या पोटी पिणं हेच तिकडच्या निम्म्या त्रासाचं मूळ आहे असं माझं ठाम मत आहे.

इथलं पेय बोंबार्दिनो. अंड्याचं लिकर, ब्रँडी, दोन्ही गरम करून वर फेटलेलं क्रीम. पिवळंधमक असतं, पहिल्या घोटाला नाकाला क्रीम लागतं, आणि गोडीमुळे दारू जाणवतच नाही. एक पुरे.

कारण इटलीत 1 जानेवारी 2022 पासून प्यायलेल्या अवस्थेत स्की करायला बंदी आहे. गाडीसारखंच. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमच्या वर दारू सापडली तर 250 ते 1000 युरो दंड, 0.8 च्या वर फौजदारी. इतरांना इजा झाली तर भरपाई देणारा विमाही तेव्हापासून सक्तीचा झाला, तो लिफ्टच्या पासबरोबर थोडक्या पैशात मिळतो. स्प्रिट्झ खाली गावात येऊन, स्की काढून ठेवल्यावर घ्या.

ग्रेनोबलहून, विद्यार्थी

फ्रान्समधलं वाल थोरान्स, 2300 मीटर. मोठ्या बारमध्ये बिअरचा पिंट (अर्धा लिटर) दहा युरो, संध्याकाळी हॅपी अवरला सहा. आम्ही सगळं खालच्या शहरातून गाडीत भरून नेलं, गावातलं सुपरमार्केटही महागच. फ्रान्समध्ये एक सोय आहे: जेवायला बसलात तर "कराफ दो" मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं. लाजू नका.

पुण्याहून

मी फक्त एकदाच गेलो, गेल्या वर्षी, आणि लिहावं की नाही यावर बरेच दिवस विचार केला.

गाव सांगत नाही. आम्ही पाच मित्र, कुणालाच स्की धड येत नव्हतं. उतारावरच्या एका ठिकाणी संध्याकाळी सातपर्यंत बसलो. बाहेर आलो तर अंधार. खाली गावाचे दिवे दिसत होते, फार लांब वाटत नव्हतं. स्कींचा ढीग पडला होता, दोघांना आपल्या सापडल्याच नाहीत. भाड्याच्या सगळ्या सारख्याच दिसतात. मग ते दोघं बुटांनी चालत निघाले आणि आम्ही तिघं घसरत.

आम्हाला हे माहीत नव्हतं की संध्याकाळी शेवटची गस्त झाली की ट्रॅक अधिकृतपणे बंद होतो. त्यानंतर बर्फ सपाट करणारी यंत्रं चढतात. चढ तीव्र असला की यंत्र वर एका खुंटाला पोलादी तारेने बांधलेलं असतं, आणि ती तार शेकडो मीटर लांब, ताणलेली, अंधारात न दिसणारी असते. आम्ही तिच्याजवळून गेलो. चालकाने भोंगा वाजवला, दिवे आमच्यावर फिरवले. माझा मित्र दचकून कडेच्या खड्ड्यात गेला. घोटा दोन ठिकाणी मोडला.

दारूने अंग गरम वाटतं, पण प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. बचाव पथक येईपर्यंतच्या वेळात तो "थंडी नाही वाजत" म्हणत होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात त्यांनी रक्तातली दारू मोजली, ते कागदावर आलं, आणि त्या एका ओळीमुळे विम्याचा दावा फेटाळला गेला. आपल्या बहुतेक प्रवास विम्यांत ही अट असते. स्कीइंगसाठी वेगळी जोड घ्यावी लागते, आणि ती घेतली तरी दारूची अट सुटत नाही. आम्ही पाचांनी मिळून साडेचार लाख भरले. त्या संध्याकाळचं बारचं बिल दोनशे दहा युरो होतं.

(दादा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मित्र आता चालतोय ना? वाचणाऱ्यांनी एवढं करा: अशा ठिकाणी जायचं तर दिवस मावळायच्या आत उतरा, आणि मग गावातल्या पायथ्याच्या बारमध्ये बसा. तिथून घरी पायी जाता येतं. आणि स्की ठेवताना मित्राशी एक-एक अदलाबदल करा. वेगळ्या जोडीची एकेक स्की दोन वेगळ्या जागी ठेवली की चुकून कुणी उचलत नाही.)

हॉटेलातला, मूळचा कोल्हापूरकडचा

मी काउंटरच्या पलीकडचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या इंटर्नशिपला एक सीझन स्विस गावात काढला. बिल देणाऱ्यांनी हेही वाचावं म्हणून लिहितो.

महाग का, तर धंदा जेमतेम चार महिन्यांचा. उतारावरच्या हटपर्यंत, म्हणजे डोंगरातल्या खानावळीपर्यंत, रस्ता नाही. बिअरचे पिंप, बटाटे, गॅस, सगळं लिफ्टने किंवा बर्फावरच्या यंत्राने वर येतं आणि रिकाम्या बाटल्या तशाच खाली जातात. काही ठिकाणी ग्लासावर दोन-तीन फ्रँक अनामत घेतात, परत दिला की परत मिळते. लोक ग्लास बर्फात टाकून जातात. पैसे तर बुडतातच, पण काच बर्फाखाली जाते आणि सकाळी त्यावरून मुलं स्की शिकतात.

माझं काम संध्याकाळी बंद झाल्यावर टॉर्च घेऊन गच्चीभोवतीचे ग्लास शोधायचं. उणे बारा. हातमोजे काढल्याशिवाय काच जाणवत नाही, आणि काढले की बोटं बधिर होतात. एका रात्रीत मी एकसष्ट गोळा केले. सगळे धुवून उलटे मांडले, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीनला ते पुन्हा भरले.