एका गंजातला सोल्यांचा पास्ता

विषय: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता, पोटभर होईल असा
प्रेषक: न्यू जर्सीच्या एक सभासद

मंडळी, नमस्कार.

ऑफिसातून घरी यायला मला साडेसहा होतात आणि पावणेआठला मुलीला पोहण्याच्या वर्गाला सोडायचं असतं. सासूसासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. दोघांनाही पास्ता आवडतो, पण रात्री दहाला पुन्हा भूक लागते. मला त्याचं वाईट वाटतं. पास्ता वेगळा उकळा, गाळा, सॉस वेगळा करा, एवढा वेळही नसतो. एकाच भांड्यात होणारा आणि चीज-क्रीमवर भिस्त नसलेला पास्ता कोणी करतं का?

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: टोरोंटोहून

दर्यापूरच्या वहिनी सध्या गावी आहेत. तिथे सगळ्या घराला पास्ता करून घालते, असं मागे बोलता बोलता म्हणाल्या होत्या. वहिनी, सवडीने सविस्तर लिहा ना. आम्हालाही हवंय.

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: दर्यापूर तालुक्यातून (सध्या सासरी)

ताई, नमस्कार.

कंपनीचं काम मी इथूनच करते, त्यामुळे माझं ऑफिस संध्याकाळी सातला सुरू होतं. कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. जाऊबाई धुऱ्यावर बसून एकेका बाईचा कापूस काट्यावर मोजून घेतात, वहीत लिहितात आणि अंधार पडता पडता घरी येतात. तेव्हा साडेसहा ते सात एवढ्याच वेळात सहा माणसांचा सैपाक उतरवायचा असतो. तुमची घाई मला अगदी कळते.

पहिल्या आठवड्यात मी तिकडच्या सवयीने मोठ्या गंजात पास्ता उकळला आणि पाणी मोरीत ओतायला निघाले. सासूबाईंनी माझा हात धरला. "पानी काहून फेकतं व? साऱ्या पिठाचा कस त्याच्यात उतरला. वरनफयाचं पानी कोनी फेकते काय?"

त्या एका वाक्याने माझा पास्ता बदलला. वरणफळं करताना आपण कणकेच्या कापण्या उकळत्या वरणात सोडतो. त्यांच्या पिठाने वरण दाटतं आणि वरण कापण्यांत मुरतं, म्हणून ते पोटाला धरून राहतं. पास्ताही गव्हाचाच. तो शिजताना जे पीठ पाण्यात सुटतं, तोच त्याचा सॉस. त्या पाण्यात सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, जोड दिली की जेवण पूर्ण झालं. चीज-क्रीमची गरज उरत नाही.

पाण्याचं मात्र आधी सांगते, कारण मी तिथेच चुकले. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलाय आणि इथलं जमिनीतलं पाणी खारं. त्या दिवशी नळ आला नव्हता, म्हणून मी हातपंपाचं पाणी घातलं. पाणी गाळून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण एका भांड्यातल्या पास्त्यात पाणी आटतं आणि त्यातला खार सगळा भांड्यातच राहतो. वरून मी नेहमीच्या अंदाजाने मीठही टाकलं होतं. सोले कच्चट राहिले ते वेगळंच, कारण जड पाण्यात तूर लवकर शिजत नाही. लेकरांनी एकेक घास खाऊन ताटली सरकवली. कामावर बसले तरी ती ताटली डोळ्यांपुढून हलत नव्हती. तेव्हापासून पास्त्याला पिण्याचंच पाणी घेते आणि मीठ दोनदा घालते, अर्धं आधी आणि उरलेलं चव पाहून. तुमच्याकडे पाणी गोडं असेल, तरी मिठाचा हा नियम पाळा.

आता कृती. सध्या तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. दुपारी सासूबाई ओट्यावर बसून सोले काढून ठेवतात. सहा जणांना अर्धा किलो पास्ता आणि अडीच वाट्या सोले लागतात. निम्मे सोले खलबत्त्यात जाडेभरडे कुटायचे, निम्मे आख्खे ठेवायचे. कुटलेल्या सोल्यांनीच रस्सा दाटतो, तेव्हा कंटाळा करू नका. तिकडे सोले नसतील तर देशी दुकानाच्या फ्रीजरमध्ये तुवर लिलवा मिळतो, तो चालतो. तोही नसला तर आदल्या दिवशीचं दोन वाट्या घट्ट वरण घ्या.

जाड बुडाच्या गंजात चार चमचे तेल, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दहा-बारा पाकळ्या आणि दोन बारीक चिरलेले कांदे. कांदा नरम झाला की हळद, तिखट आणि कुटलेले सोले घालून नेटाने परता. आधी हिरवट, कच्चा वास येतो. तो गेला आणि सोले गंजाच्या बुडाला किंचित धरू लागले की थांबा. एव्हाना भाजलेल्या तुरीचा वास ओसरीपर्यंत गेलेला असतो. मग आख्खे सोले, दोन लहान वांग्यांच्या फोडी आणि दीड लिटर उकळतं पाणी घाला. पाणी दुसऱ्या शेगडीवर आधीच तापत ठेवा, थंड पाण्याने दहा मिनिटं वाया जातात. घालताना सराट्याने बूड खरवडून घ्या. तिथे जी चव चिकटलेली असते ती पाण्यात उतरली पाहिजे.

सोले बोटाने दाबले जाईपर्यंत टोमॅटो घालू नका. आंबटात तूर शिजायची थांबते, हे वरणाला खरं आहे तसंच इथेही. आठेक मिनिटांनी पास्ता आणि चार टोमॅटो एकदमच टाका. पाणी पास्त्याच्या वर पेरभर दिसायला हवं. पहिली दोन मिनिटं गंजापासून हलू नका, पास्ता चिकटतो तो त्याच वेळात. नंतर झाकण अर्धं ठेवून अधूनमधून ढवळलं तरी पुरे.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा नखाने तोडून पाहा. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद करून झाकण लावा. रस्सा अजून पातळ वाटेल, पण घाबरून आटवू नका. पाच मिनिटांत पास्ता तो ओढून घेतो. वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घाला आणि लिंबू पिळा. सासूबाई ताटात वाढल्यावर कच्च्या जवसाच्या तेलाची धार सोडतात, जशी झुणक्यावर सोडतात तशीच. माझ्या मते त्या धारेशिवाय हा पास्ता अपुराच.

पास्ता घेताना पाकिटावर डुरम गहू लिहिलंय ना, ते बघा. आपल्याकडचा बन्सी गहू तो हाच. तालुक्याच्या दुकानात मैद्याचाही पास्ता मिळतो. वेगळा उकळून तो निभतो, पण एका गंजात त्याचा गिचका होतो. आकार नळीचा किंवा शिंपल्याचा घ्या. त्याच्या पोटात सोले जाऊन बसतात आणि लेकरं ते शोधून शोधून खातात.

सातला पाच कमी असताना मी ताटं वाढते. जाऊबाई म्हणतात, "हे तं आपले फयंच हायेत व, मंधात भोक पाडलेले."

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: सिअ‍ॅटलहून

वहिनी, कालच इन्स्टंट पॉटमध्ये केला. लिलवा वापरला. ज्यांना त्यात करायचाय त्यांच्यासाठी लिहितो. पाकिटावरच्या वेळेच्या निम्मी वेळ घ्या आणि तीतूनही एक मिनिट कमी करा. माझ्या पास्त्याला चार मिनिटं पुरली. वाफ आपोआप निघायची वाट पाहिली तर भांडं उघडायला उशीर लागून पास्ता जास्त शिजतो, आणि एकदम काढली तर फेस नळीतून वर येतो, म्हणून झडप थोडी थोडी उघडत गेलो. परतून झाल्यावर बूड नीट खरवडायला हवंच. टोमॅटो सगळ्यात वर ठेवायचे आणि ढवळायचे नाहीत. बुडाशी गेले की करपतात आणि भांडं मध्येच बंद पडतं. बंद भांड्यात वाफ उडून जात नाही, तेव्हा पाणी पाव लिटर कमी घातलं.

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: न्यूयॉर्कहून एक काकू

माझ्या शेजारच्या आजी मूळच्या नेपल्सच्या. वहिनींचं पत्र मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे घेवड्याच्या दाण्यांत पास्ता त्याच भांड्यात शिजवतात आणि पाणी कोणी फेकत नाही. पाकिटांच्या तळाशी उरलेले मोडके, वेगवेगळ्या आकारांचे तुकडे त्यांच्या आई डब्यात साठवायच्या आणि असल्या रात्री सगळे एकदम टाकायच्या. त्यांना खाली रस्सा राहिलेला चालत नाही, चमचा रोवला तर उभा राहिला पाहिजे. वहिनी, तुमच्या सासूबाईंना हे नक्की सांगा.

वहिनींना एक विचारायचंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीस जणींसाठी हाच करायचा म्हणते. सगळं पाचपट करू का?

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: दर्यापूर तालुक्यातून

काकू, आत्ताच सांगितलं. सासूबाई खूप खूश झाल्या. "त्या मायले म्हना, आमच्या इकडं या, सोले खाले," असा निरोप आहे.

पाणी मात्र पाचपट करू नका. गंज मोठा झाला तरी वाफ त्या मानाने जास्त उडत नाही. चौपट घाला आणि एक गंज उकळतं पाणी बाजूला ठेवा, कमी पडलं तर घालता येईल. मोठा गंज गॅस बंद केल्यावरही बराच वेळ शिजत राहतो, म्हणून ठिपका चांगला ठसठशीत असतानाच उतरवा. माझा सल्ला विचाराल तर दोन गंजांत पंधरा-पंधरा जणींचा करा. तळातला गाळ होत नाही आणि ढवळायला हात पोचतो. फोडणी, सोले, वांगी दुपारीच शिजवून ठेवता येतील. पास्ता मात्र बायका यायला लागल्यावरच टाका.

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: न्यू जर्सीच्या एक सभासद

वहिनी, काल केला. लिलवा होताच, जवसाचं तेल बाटलीतलं मिळालं. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवून हातानेच खायला लागले. त्यांचं बालपण मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात गेलं, हे मला माहीत होतं. त्यांची आई सोल्यांत ज्वारीच्या कण्या शिजवायची, हे मात्र लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर काल पहिल्यांदा ऐकलं. मुलगी ऐकत बसली आणि वर्गाला दहा मिनिटं उशिरा पोचली. रात्री दहाला स्वयंपाकघरात कोणी आलं नाही.

थोडा उरलाय आणि सकाळी पाहिलं तर दगडासारखा घट्ट झालाय. आज कसा गरम करू?

*

विषय: उत्तर: रोज रात्रीसाठी एका भांड्यातला पास्ता
प्रेषक: दर्यापूर तालुक्यातून

ताई, मायक्रोवेव्हमध्ये नको. कढईत चमचाभर तेल, चार पाकळ्या लसूण, सुकी लाल मिरची. त्यावर पास्ता टाकून अर्धी वाटी उकळतं पाणी शिंपडा आणि झाकून मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. खालून थोडा खरपूस होऊ द्या. आमच्याकडे शिळी वरणफळं अशीच करतात आणि सासूबाई ती ताज्यापेक्षा आवडीने खातात. सासऱ्यांना कण्यांचं विचारून घ्या, किती पाणी, किती वेळ. इथे सोले अजून महिनाभर आहेत, मी करून बघते.