पाव कुणाचा, पासवर्ड कुणाचा?

रातांबा: 'म्हापशाची मिरची' यांची कालची पोस्ट वाचली आणि रात्रीचं जेवण घशाखाली उतरेना. म्हणे, संगणकाला कच्चा पासवर्ड ठेवणारा मालकच खरा गुन्हेगार, आत शिरणारा पोरगा नुसता हुशार! पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, आमच्या फाटकाला पावाची पिशवी अडकवून जातो. ती कुणी लांबवली तर चोर मी? माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ वाचा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलात की भरपाई द्या. दार किती पक्कं होतं हे ते कलम विचारत नाही. लबाडीनं शिरलात तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद.

माझ्या भावाचं छोटं गेस्ट हाऊस आहे. काम सोडून गेलेल्या पोरानं बुकिंगची यादी उचलली आणि पाहुण्यांना फोन करून ॲडव्हान्स उकळला. भावानं ऐन सीझनमध्ये खिशातून पैसे परत केले. वर गाववाले त्यालाच शहाणपण शिकवतात.

म्हापशाची मिरची: पाव तुमचा होता हो. गेला तर तुमचा नाश्ता गेला. पाहुण्यांचे आधार आणि फोन नंबर भावाच्या मालकीचे होते का?

माझंही ऐका. आमच्या पतसंस्थेच्या साइटवर सासूबाईंचं पासबुक उघडलं होतं. मुलानं साइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, तर शेजारणीचं पासबुक समोर! तो सांगायला गेला, तर मॅनेजर म्हणाला, "पोलिसांत देईन." तुमच्या कलम ४३ प्रमाणे गुन्हेगार माझा मुलगा. वा!

वकिलीणबाई: दोघंही अर्धंच वाचता. ४३ म्हणजे भरपाई, तुरुंग नव्हे. ६६ ला अप्रामाणिक हेतू लागतो, तेव्हा मुलगा तुरुंगात जात नाही. लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या संस्थेकडून भरपाई घ्यायला ४३अ आहे. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. पण २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ते ४३अ काढूनच टाकायचं ठरवलंय. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत, फक्त तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं पासबुक उघडं पडलं त्याच्या हाती भोपळा.

केपेकार: पासबुकाचं सोडा. जमिनींचं काय? बनावट दस्तांवर जमिनी हडपल्या म्हणून गोव्यात २०२२ साली एसआयटी, म्हणजे खास तपास पथक, नेमली, मग निवृत्त न्यायमूर्ती जाधवांचा आयोग. आमच्या आजोबांच्या भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, एक-चौदा उताऱ्यावर भलतंच नाव! दोन वर्षं मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवतोय.

रातांबा: इथे संगणकाचा विषय चाललाय, केपेकार.

केपेकार: मी कुठे बाहेर गेलो? दस्त सरकारच्या कपाटात होते ना?

वकिलीणबाई: ती फसवणूक कागदावरची. तिथे ४३ लावून काय उपयोग?

केपेकार: बाई, कलम तुमचं, भाट माझं. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती त्याला कुणी एक शब्द विचारला का?

रातांबा: तिथे मात्र विचारलाच पाहिजे. लोकांची मिळकत सांभाळायला बसवलंय त्यांना. माझ्या काकांच्या बाबतीतही हेच झालं. कारकुनापासून वरपर्यंत सगळ्यांकडून वसूल करा!

म्हापशाची मिरची: घ्या! सांभाळणारा जबाबदार, हेच मी काल लिहिलं होतं. तेव्हा तुमचा पाव आडवा आला.

रातांबा: सरकारी कपाट आणि भावाचा एक लॅपटॉप एकाच मापानं मोजू नका. त्याच्याकडे कॉम्प्युटरवाला ठेवायला पैसे नाहीत.

म्हापशाची मिरची: पासवर्ड बदलायला किती पैसे लागतात? तो पोरगा काम सोडून किती दिवस झाले होते?

रातांबा: चार महिने.

म्हापशाची मिरची: आणि पासवर्ड?

रातांबा: तोच होता. गेस्ट हाऊसचं नाव आणि पुढे १२३. झालं समाधान? भावाचं चुकलं, लिहून देतो. पण त्या पोराला हुशार म्हणणारी पोस्ट आधी काढा.

म्हापशाची मिरची: 'हुशार' काढते. बाकीची राहील.

वकिलीणबाई: मिरचीताई, मुलाला म्हणावं, मॅनेजरला लेखी कळव आणि पोच घे. आणखी आकडे बदलून बघू नकोस.

केपेकार: एक-चौदा कुणाकडे ऑनलाइन उघडतोय का? माझा सर्व्हे नंबर टाकला की चक्र फिरतच राहतं.