सोउमिन निघाले, आता दही-भात बंद का?

सुवॉनची_वहिनी
नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्ष झालं कोरियातल्या सुवॉनला. पोट कायम बिघडलेलं, हातपाय गार, म्हणून शेजारची काकू तिकडच्या पारंपरिक दवाखान्यात घेऊन गेली. नाडी बघितली, घाम किती येतो, स्वभाव कसा असं बरंच विचारलं आणि म्हणाले तुम्ही सोउमिन, थंड खाऊ नका, चिकन आणि जिनसेंग खा. आम्ही शाकाहारी!! आणि सोउमिन म्हणजे आपला वात ना?

आल्याचा_चहा
नाही हो वहिनी, वात-पित्ताशी जोडू नका, गोंधळ होईल. हे सासांग, म्हणजे कोरियन वैद्यकातली प्रकृती ठरवायची पद्धत, ली जे-मा यांनी १८९४ मध्ये ग्रंथात मांडलेलं, चारच प्रकार, प्रकृती जन्मापासून ठरलेली, आणि कुठला अवयव-गट जोरात, कुठला कमजोर यावर सगळं चालतं. सोउमिनमध्ये किडनी जोरात आणि प्लीहा कमजोर, त्यांच्या भाषेत प्लीहा म्हणजे साधारण पचनच, म्हणून पोट गार आणि गरम खाणं चांगलं. चिकनच पाहिजे असं नाही, आलं, दालचिनी, लसूण, चिकट तांदूळ, बटाटा चालतं, खजुरासारख्या देचूचा चहा तर मस्तच. टाळायचं म्हणजे नेंगम्यॉन (गार नूडल्स), कलिंगड, बिअर, आणि गंमत म्हणजे हॉटेलात पाण्याऐवजी देतात तो गार बार्लीचा चहासुद्धा, बार्ली थंड धरतात ना. मी तर सरळ गरम पाणी मागते, वेटर बघतच राहतो 😄 दही फ्रिजमधलं नको, बाहेर ठेवून थोडं, आल्याच्या फोडणीचं खाऊन बघा.

पुणेरी_शंका
माझा प्रश्न. उन्हाळ्यात बोकनालला, म्हणजे तिथल्या सगळ्यात उकाड्याच्या दिवसांना, अख्खी कोरिया उकळतं सामग्येतांग (चिकन-जिनसेंगचं सूप) पिते, मग ते सगळे सोउमिन का?

आल्याचा_चहा
नाही ना 😂 ती 'उष्णतेला उष्णतेने' वाली रीत, सगळ्यांसाठीच. पण सासांगवाले म्हणतील सोयांगिनला (चारांपैकी दुसरा, उष्ण प्रकार) चिकन-जिनसेंग उलटतं, त्याला काकडी, बार्ली, डुकराचं मांस. म्हणजे तुमचं पथ्य त्याला जेवण.

फार्मसीवाला_नवी_मुंबई
जिनसेंगबद्दल एकच, वॉरफॅरिन (रक्त पातळ करणारी गोळी) किंवा शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पोट दीड वर्ष बिघडलंय म्हणजे एकदा साधी तपासणी करून घ्या, प्रकार कुठलाही असो.

सुवॉनची_वहिनी
गोळी नाही कुठलीच, तपासणीची अपॉइंटमेंट घेते. देचू मार्टात दिसले होते, मी वाळलेली बोरं समजून सोडून दिलेले 🤦‍♀️

आल्याचा_चहा
अहो बोरंच ती, आणा.