ताम्हिणीत पडलो, तेव्हापासून क्लच जड झालाय – मदत हवी आहे

नवाभिडू:
मंडळी, रविवारी ताम्हिणीत गाडी घसरली. आयुष्यातला पहिलाच अपघात. मला फार काही लागलं नाही. क्लचचा लिव्हर तुटला होता, तो जागेवरच बदलला. पण तेव्हापासून क्लच भयंकर जड झालाय. पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. शिवाय गाडी सरळ चालली असली तरी हँडल तिरकं दिसतं. गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट टाका, अडीच हजार. विम्यात बसेल का? पाच वर्षांचा आहे. उद्या गाडी टाकायची आहे, लवकर सांगा. बसने ऑफिसला जाऊन वैतागलोय.

चेनस्प्रॉकेट:
गाडी कुठली? किती चाललीये? कोणत्या अंगावर पडली? लिव्हर कोणी बदलला, मेकॅनिकने की तुम्ही? नुसतं "जड झालाय" वर काय सांगणार!

कोकणकाका:
पावसाळ्यात ताम्हिणीत जायचंच कशाला? आम्ही वरंध्याने राजदूत घेऊन महाडला जायचो. एकदा पडलो नाही. कारण एकच, घाटात पुढचा ब्रेक कधी लावला नाही. हल्लीची मुलं पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवूनच गाडी चालवतात.

चिखलवाट:
काका, राजदूतच्या पुढच्या ब्रेकला ब्रेक म्हणणं हाच त्या ब्रेकचा सन्मान होता. (हलकेच घ्या.) पण नव्या लोकांना हे सांगू नका. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. ओल्या रस्त्यावर वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी उभी असताना, दोन्ही ब्रेकने हळूहळू. गाडी झुकल्यावर कुठलाही जोरात मारला तरी बूड टेकणारच.

कोकणकाका:
एबीएस असतं ना हल्ली?

चिखलवाट:
असतं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचंच आहे. पण साधं एबीएस सरळ रेषेत चाक लॉक होऊ देत नाही, झुकलेल्या गाडीला शेवाळावर ते काय करणार?

नवाभिडू:
पल्सर १५०, २०२२ची, १९ हजार किमी. डाव्या अंगावर पडली. ब्रेकची चर्चा नंतर केली तर चालेल का?
झालं असं की वळण संपतानाच पुढची कार धबधब्यासमोर रस्त्याच्या मध्येच थांबली, आतली मंडळी फोटो काढायला उतरत होती. मी ब्रेक मारला, पुढचं चाक निसटलं, गाडी आडवी होऊन त्यांच्या बंपरला टेकली. मी डावा हात टेकून बसलो रस्त्यावर. मागून पाच-सहा बाइकवाले येत होते. ओळख ना देख, सगळे थांबले. एकाने आधी माझ्या गाडीची चावी बंद केली. एक जण मागे पळत गेला आणि नारिंगी रेनकोट हलवत वळणावर उभा राहिला, कारण तिथून येणाऱ्याला आम्ही दिसतच नव्हतो. मला कडेला बसवून चिक्की दिली. मी "ठीक आहे, ठीक आहे" करत उठत होतो, तर त्यांच्यातली एक ताई म्हणाली, "पाच मिनिटं उठायचं नाही, आणि हेल्मेट स्वतः ओढून काढायचं नाही."
कारवाला पाच हजार मागत होता. ताईने त्याला एवढंच विचारलं, "दादा, गाडी मध्ये कुणी उभी केली?" मग तो आठशेवर आला. ते मी दिले. लिव्हर त्यांच्यातल्याच एकाने आपल्या टूलबॅगेतला दिला, त्याचीपण पल्सर. जरा कानस मारून बसवला. पैसे घेतले नाहीत. दोघे पुढे, दोघे मागे असं करत मला पौडपर्यंत आणलं.

अंगणवेल:
वाचून बरं वाटलं. मला वाटायचं मदत करणाऱ्यालाच पोलीस अडकवतात म्हणून कोणी थांबत नाही.

चिखलवाट:
ते आता तसं राहिलेलं नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, स्वतःहून साक्षीदार व्हायचं असेल तरच. लोकांना माहीत नाही ही गोष्ट वेगळी.

कागदीघोडे:
आठशे रुपये देऊन चूक केलीत. त्याच्या बंपरसाठी तुमचा थर्ड पार्टी विमा आहे की, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा. मागून धडकणाऱ्याचीच चूक धरतात, पण मध्येच गाडी उभी करणंही चूकच.

चिखलवाट:
आठशेच्या ओरखड्यासाठी पोलीस, एफआयआर, ट्रायब्यूनल? थर्ड पार्टीचा दावा कधी केलायत का? मीही आठशेच दिले असते.

कागदीघोडे:
तत्त्वाचा प्रश्न आहे.
बरं, खरा मुद्दा. तुमचा "पाच वर्षांचा विमा" बघा जरा. सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या दुचाकींना पाच वर्षांची सक्ती फक्त थर्ड पार्टीची आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. तो दरवर्षी वेगळा भरावा लागतो. भरलाय?

नवाभिडू:
थांबा, बघतो.
...नाही. २०२३ मध्येच संपलाय. शोरूममध्ये "पाच वर्षं बघायलाच नको" असं सांगितलं होतं.

कागदीघोडे:
नेहमीचं आहे. तो चालू असता तरी अडीच हजारांसाठी क्लेम टाकू नका म्हणालो असतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढत जातो, एक क्लेम टाकला की शून्य. शिवाय प्लास्टिक-रबराचे निम्मेच मिळतात, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नसेल तर.

चेनस्प्रॉकेट:
आता माझ्या प्रश्नावर येऊ का?
हँडलचं सोपं आहे. आडवी पडली की शॉकअपच्या नळ्या टी मध्ये, म्हणजे त्यांना हँडलखाली धरणाऱ्या पकडीत, किंचित फिरतात. टी चे आणि पुढच्या एक्सलचे बोल्ट ढिले करायचे, पुढचं चाक गुडघ्यांत घट्ट पकडायचं, हँडल सरळ ओढायचं, पुन्हा कसायचे. तरीही वाकडं दिसलं तर नळी वाकली असेल, मग मात्र काढून बघावं लागेल.
क्लच प्लेट मात्र पटत नाही. प्लेट झिजली तर क्लच घसरतो, गाडी नुसती रेझ होते आणि पळत नाही. जड होत नाही. पडल्यामुळे केबल कुठेतरी दुमडली असेल नाहीतर लिव्हर पिव्होटमध्ये अडकत असेल. केबल लिव्हरपासून सोडा आणि नुसता लिव्हर दाबून बघा.

नवाभिडू:
सोडला. तरी जडच.

चेनस्प्रॉकेट:
केबल सोडून जड? मग तो जड कशामुळे होणार, त्याला दुसरं काही जोडलेलंच नाही! दुसऱ्या कोणाला दाबायला सांगा.

नवाभिडू:
शेजारच्या काकांना सांगितलं. केबल जोडून दाबला, म्हणाले लोण्यासारखा आहे, माझ्या स्कूटरचा ब्रेक याहून कडक आहे.
गॅरेजवाल्याला आता फोन करून विचारलं, तू स्वतः दाबून बघितला होतास का? म्हणे नाही, तुम्हीच म्हणालात जड झालाय.

हळदकुंकू:
मी फिजिओ आहे, गाड्यांतलं कळत नाही, पण चार दिवस वाचतेय. क्लच डाव्या हाताचा ना? आणि तुम्ही वर लिहिलंय, "डावा हात टेकून बसलो". क्लच दाबताना तुम्हाला नक्की कुठे दुखतं?

नवाभिडू:
अंगठ्याखाली. पण सूज नाहीये फार. घड्याळ जरा घट्ट होतंय एवढंच.

चेनस्प्रॉकेट:
अरे देवा. क्लच नाही, हात!

हळदकुंकू:
अंगठा वर ताणून धरा. मनगटाच्या त्या बाजूला एक खळगा पडेल. तिथे दाबून बघा. जोरात कळ आली तर आजच अस्थितज्ज्ञांकडे जा. हात टेकून पडणाऱ्यांत स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, दुर्लक्ष केलं तर जुळत नाही. मुरगळलंय समजून महिनोन् महिने तसेच फिरणारे लोक पाहिलेत मी.

नवाभिडू:
दाबलं. ओरडलो. जातो.

कोकणकाका:
आमच्याकडे हाडवैद्य चोळून बसवून देतो दहा मिनिटांत. वर आंबेहळदीचा लेप.

हळदकुंकू:
काका, कृपा करून चोळू वगैरे सांगू नका.

कोकणकाका:
लेप तर चालेल ना?

नवाभिडू:
एक्स-रे काढला, काही दिसत नाही. तरी डॉक्टरांनी अंगठ्यासकट पट्टी बांधली, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. खरचटलेलं म्हणून टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन. आई म्हणते काही नाही तर बांधलं कशाला.

दुपारचीझोप:
मीही एकदा पडलो होतो, मनगट नाही, गुडघा. तेव्हापासून पावसाळ्यात दुखतो. कोणी चांगले नी-गार्ड सुचवेल का? बजेट दोन हजार.

चिखलवाट:
वेगळा धागा काढा राव.
नवाभिडू, हेल्मेट आपटलं होतं का? आपटलं असेल तर बदला. आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, वरून कितीही चकाचक दिसो.

नवाभिडू:
नाही आपटलं. बसलोच होतो ना मी. हात टेकून. :(

नवाभिडू:
सतरा दिवसांनी अपडेट. दुसऱ्या एक्स-रेत बारीक चीर दिसली. प्लास्टर घातलंय, किमान सहा आठवडे. हळदकुंकू ताई, तुम्ही नसतात तर मी अडीच हजारांची क्लच प्लेट टाकून तोच हात घेऊन फिरत बसलो असतो. हँडल चेनस्प्रॉकेट यांच्या पद्धतीने सरळ झालं. चाक गुडघ्यांत भावाने धरलं, मी नुसत्या सूचना दिल्या.
आता एकच राहिलं. तो लिव्हर त्या माणसाला परत द्यायचाय. नवीन आणून ठेवलाय. नंबर घेतला नाही, घ्यायचं सुचलंच नाही, पौडला चहा पाजू म्हटलं तर हात हलवून निघून गेले. एवढंच आठवतं की गाड्या एमएच ०९ होत्या.

अंगणवेल:
०९ म्हणजे कोल्हापूर. मग बरोबर!

चिखलवाट:
का, पुण्याचे १२ वाले थांबत नाहीत का?

अंगणवेल:
थांबतात की. आधी "बघून चालवता येत नाही का" म्हणतात, मग थांबतात.

चेनस्प्रॉकेट:
लिव्हर परत करायच्या भानगडीत पडू नका. तुमचाच आहे तो आता, कानस मारलेला. नवीन तुमच्याच टूलबॅगेत टाका, सोबत एक क्लच केबलही ठेवा.

नवाभिडू:
टूलबॅगच नाहीये माझ्याकडे.

चेनस्प्रॉकेट:
तेही आत्ता सांगताय!

रविवारभटक्या:
वरचं सगळं वाचलं नाही. ताम्हिणी सध्या चालू आहे का? या रविवारी जायचंय. धबधब्यापाशी गाडी उभी करायला जागा मिळते ना?