मदत हवी आहे : जपानी लाकूडठशाची चित्रे लहान दालनात मांडण्याबाबत

नमस्कार. पुण्यातील आमच्या लहानशा कलादालनात पावसाळ्यानंतर समकालीन मुद्राचित्रकारांच्या कामाशेजारी एका संग्राहकांकडील जपानी लाकूडठशाची चित्रे मांडण्याचा विचार असून त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. यांतील बहुतेक चित्रे विसाव्या शतकातील जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांची आहेत. १९३०-३१ च्या भारतप्रवासानंतर त्यांनी ताजमहालाबरोबर अजिंठा आणि वेरूळही ठशांत उतरवले, आणि माझ्या मते प्रदर्शनाचा खरा जीव तिथेच आहे.

मुख्य अडचण प्रकाशाची आहे. अशा चित्रांचे रंग उडू नयेत म्हणून त्यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे; समकालीन कामांपैकी काही मात्र गडद असून इतक्या मंद उजेडात ती दिसणारच नाहीत, आणि आमच्याकडे खोली एकच आहे. मध्ये पडदाभिंत उभारून, प्रेक्षकाचे डोळे हळूहळू सरावतील असा क्रम लावून हे कोणी साधले आहे का?

दुसरे, चौकटींविषयी. चित्रे जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, म्हणजे चित्र पुठ्ठ्याला जोडणाऱ्या लहान कागदी पट्ट्यांनी, गव्हाची खळ वापरूनच बसवायची आहेत (चिकटपट्टीचा आग्रह धरणारे कारागीर कृपया सुचवू नयेत). आम्लविरहित पुठ्ठा आणि अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक पुण्यात किंवा मुंबईत किरकोळ प्रमाणात कोठे मिळते?

शिवाय काही चित्रांच्या समासात योशिदांच्या देखरेखीखालील छपाई दर्शवणारा ‘जिझुरी’ शिक्का नाही. अशा प्रतींची नोंद माहितीपट्टीवर नेमकी कशी करावी?